मस्टँगमध्ये ९ इंची मागचा एक्सल: घरी बसवून काही महिने वापरल्यानंतर

२००५ ते २०१४ च्या फोर्ड मस्टँगला कारखान्यातूनच मागे सॉलिड एक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध एक्सल) येतो. जीटी मॉडेलमध्ये तो ८.८ इंची असतो (हे माप आतल्या क्राउन व्हीलच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राच्या व्यासाचं); त्याला धरायला वर एक आर्म, खाली दोन आणि एक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. त्याच्या जागी फोर्ड ९ इंची धर्तीचा तयार एक्सल बसवला, तो काही महिने रस्त्यावर आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) वापरून झाला. ताकदीबद्दल तक्रार नाही, आवाजाबद्दल आहे. साध्या टायरवर, मूळ ताकदीच्या इंजिनासाठी तर हा खटाटोप करूच नये; ८.८ तेवढं सहज पेलतो.

बदलण्याचं खरं कारण सी-क्लिप. ८.८ मध्ये एक्सल शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराच्या छोट्या कडीने अडकलेला असतो. चिकट टायर आणि जोरदार लाँचमध्ये (थांबलेली गाडी एकदम पूर्ण जोर देऊन सोडताना) शाफ्ट तुटला, तर बाहेरचा तुकडा चाकासकट निसटू शकतो. ९ इंचीत बेअरिंग शाफ्टवर प्रेस केलेलं असतं आणि रिटेनर प्लेट चार बोल्टांनी हाउसिंगला (एक्सलच्या बाहेरच्या कवचाला) आवळते. शाफ्ट आत कुठेही तुटला तरी चाक जागेवर राहतं. शिवाय पिनियनच्या (क्राउन व्हील फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) टोकाला तिसरं बेअरिंग आहे आणि डिफरन्शियलचा अख्खा गोळा, म्हणजे सगळा गिअरसंच, पुढून बाहेर निघतो.

ऑर्डर देतानाच हाउसिंगवर एबीएस सेन्सरचे ब्रॅकेट आणि ब्रीदरचं (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं) भोक आहे ना, ते विचारा. सेन्सर बसला नाही तर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बंद. ब्रीदर नसेल तर तेल तापल्यावर आतला दाब ऑइल सीलवर येतो आणि ब्रेक डिस्क तेलाने माखते. गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जोर आणणारा मूळचा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट इथे जमत नाही. एक्सल गाडीखाली बसल्यावर, चाकांवर वजन असताना माप घ्या आणि मगच एक तुकड्याचा शाफ्ट बनवायला टाका.

काढणं सोपं आहे. बॉडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), एक्सलखाली जॅक. कॅलिपर तारेने वर टांगायचे, होजवर लोंबकळू द्यायचे नाहीत. हँडब्रेक केबल, सेन्सरच्या वायरी, ब्रीदर नळी, शॉक, पॅनहार्ड रॉड, मग आर्म. जॅक खाली घेताना स्प्रिंग सुटतात, तेव्हा हात बाजूला. वजन एकट्याने सावरण्याजोगं नाही.

नव्या हाउसिंगला गोळा १० स्टडवर बसतो. गॅस्केटवर अवलंबून राहू नका. सीलंटचा पातळ थर, स्टडभोवती सीलंटचं कडं, तांब्याचे वॉशर, आणि नट ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास. या जोडातून तेल झिरपणं ही ९ इंचीची जुनी खोड आहे.

सगळ्यात जास्त वेळ पिनियनच्या कोनाला द्या. जोर लावला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून थांबलेल्या गाडीत ते प्रोपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा १ ते २ अंश खाली हवं. आर्मच्या टोकांत रबरी बुश असतील तर थोडं जास्त. मोजायचं ते गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर असताना. लटकत्या एक्सलवर मोजलेला कोन बिनकामाचा. त्यासाठी वरचा आर्म ॲडजस्टेबल घ्यावाच लागतो. कोन चुकला की वेग वाढताना सीटखाली थरथर येते आणि लोक उगाच चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. आर्मचे बोल्टही याच उंचीवर आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून फाटतं. मग पॅनहार्ड रॉडने एक्सल मध्यावर आणा आणि ब्रेक ब्लीड करा (त्यातली हवा काढा).

तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. हाउसिंगप्रमाणे लिटर बदलतात. क्लच प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपला (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलला) तेलात फ्रिक्शन मॉडिफायर हे रसायन लागतं, हेलिकल गिअरवाल्याला घालू नका. सुरुवातीला १५-२० मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. ८०० किलोमीटरपर्यंत लाँच नाही, त्यानंतर तेल बदला.

आता रोजचा अनुभव. हलक्या थ्रॉटलवर बारीक किंकाळी ऐकू येते, विशेषतः कडक बुश असतील तर. पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दात जास्त घासतात. उष्णता वाढते, थोडी ताकदही खाल्ली जाते. स्प्रिंगखालचं वजन वाढल्यामुळे खराब रस्त्यावर मागची बाजू अधिक आपटते. ३.३१ वरून ३.७३ गिअर रेशोवर गेल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १३ टक्के वाढतात, आणि नवा रेशो ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) टाकावा लागतो.

तेल बदलताना चुंबकावर राखाडी लगदा चालतो. चकचकीत पापुद्रे किंवा कण दिसले तर गोळा बाहेर काढून बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) मोजा. ९ इंचीत तो साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर असतो.