ए प्लस, नेटवर्क प्लस की सीसीएनए: खान्देशातून पहिली परीक्षा कोणती द्यावी?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बीसीए किंवा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींची अडचण बहुधा एकच असते. ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सीसीएनए या संगणक आणि नेटवर्कच्या कामासाठीच्या प्रमाणपत्र परीक्षा. पैसे एकाच परीक्षेपुरते आहेत, ते कशात घालायचे? आमचं मत आधीच सांगतो. नेटवर्कच्या कामात जायचं असेल तर सीसीएनए, हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्टला, म्हणजे लोकांच्या संगणकाच्या अडचणी सोडवण्याच्या कामाला जायचं असेल तर ए प्लस. नेटवर्क प्लस पहिली परीक्षा म्हणून नको.

ए प्लस आणि नेटवर्क प्लस कॉम्पटियाच्या. कॉम्पटिया १९८२ साली अमेरिकेत संगणक विक्रेत्यांची संघटना म्हणून सुरू झाली. ए प्लस १९९३ पासून आहे. २०२५ च्या सुरुवातीला परीक्षांचा व्यवसाय खासगी गुंतवणूकदारांकडे गेला आणि मूळ संघटना जीटीआयए या नावाने वेगळी झाली. परीक्षा मात्र पूर्वीसारख्याच कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेल्या नाहीत. सीसीएनए मात्र नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची.

ए प्लसमध्ये फसगत होते ती इथे: परीक्षा एक नाही, दोन आहेत आणि फीसुद्धा दोनदा. कोअर १ ला ९०० पैकी ६७५, कोअर २ ला ७०० लागतात. एकच पास झालात तर प्रमाणपत्र मिळत नाही. सध्याचे कोड २२०-१२०१ आणि २२०-१२०२. २२०-११०१ छापलेलं जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. दुकानात रॅम, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलणाऱ्याला कोअर १ सोपा जातो. तो अडतो कोअर २ ला, कारण तिथे तिकीट (तक्रारीची नोंद) कसं लिहायचं, नोंदी कशा ठेवायच्या, व्हायरस काढण्याचे टप्पे कोणत्या क्रमाने, हे विचारतात.

नेटवर्क प्लस आणि सीसीएनएमधला फरक एका उदाहरणात कळेल. एका पतसंस्थेत ५० संगणक आहेत. त्यांना /२६ चा सबनेट, म्हणजे नेटवर्क पत्त्यांचा तेवढा गट, पुरतो: ६४ पत्ते, वापरता येणारे ६२, पुढचा सबनेट .६४ पासून. इतकं नेटवर्क प्लसलाही यावं लागतं. सीसीएनएला हेच स्विच आणि राउटरवर कमांड देऊन उभं करावं लागतं. राउटरचा इंटरफेस मुळात बंद असतो, ‘नो शटडाउन’ द्यायचं राहिलं की बाकी सगळं बरोबर असूनही पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जात नाही. ट्रंकवर (स्विचना जोडणाऱ्या सामायिक दुव्यावर) एखादा व्हीलॅन, म्हणजे एका विभागाचं वेगळं केलेलं नेटवर्क, सोडायचा राहिला की फक्त तेवढ्याच विभागाचं नेट बंद. नेटवर्क अभियंत्याचं रोजचं काम हेच आहे, म्हणून आमचा कल सीसीएनएकडे. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर.

परीक्षेची रीतही वेगळी. कॉम्पटियात ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. अवघड प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येतं. सुरुवातीचे प्रात्यक्षिक प्रश्न वेळ खातात, ते शेवटी ठेवा. सीसीएनएला १२० मिनिटं, पण मागे जाता येत नाही. नापास झालात तर सिस्को ५ दिवस थांबवते. कॉम्पटियात दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, तिसऱ्यासाठी १४ दिवस.

तिन्ही प्रमाणपत्रं ३ वर्षांची. ए प्लस संपण्याआधी नेटवर्क प्लस पास झालात तर ए प्लसही आपोआप वाढतं. नेटवर्क प्लसचा खरा उपयोग हाच.

परीक्षा पिअर्सन व्ह्यू ही कंपनी घेते, केंद्रावर किंवा घरून. घरून देणार असाल तर लॅपटॉपची बॅटरी पुरेशी नाही. वीज गेली की फायबरचा डबा आणि राउटर बंद पडतात, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. खोलीत दुसरं कुणी आलं तरी परीक्षा रद्द होते. घर भरलेलं असेल तर प्रवास करून केंद्रावर गेलेलं बरं. आणि खातं उघडताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पॅन कार्डवर शेवटी असतं. मार्कशीट पाहून नाव भरलेल्याला ऐन वेळी दारातून परत पाठवतात आणि फीही जाते.