780 रुपयांचा कार्बोरेटर, 11 महिने आणि नीट बंद न होणारा पेट्रोल कॉक

मार्चमध्ये एका सकाळी पऱ्यावर (ओढ्यावर) पाण्याचा पेट्रोल पंपसेट चालू करायला गेलो, दोरी ओढली आणि ती हातभरही बाहेर आली नाही. अडकलीच. मला वाटलं इंजिन जाम झालं, संपलं सगळं. प्लग काढून पुन्हा दोरी ओढली, तर प्लगच्या भोकातून पेट्रोलची चिळकांडी थेट समोरच्या दगडावर गेली. मग ऑइलचं झाकण उघडलं. खरं तर झाकण उघडल्यावर ऑइल आट्यांच्या काठाशी दिसायला हवं. इथे ते भळभळ बाहेर आलं, पाण्यासारखं पातळ, आणि वास निव्वळ पेट्रोलचा. रात्रभर टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये उतरत राहिलं होतं. आणि आदल्या संध्याकाळी कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, मी स्वतःच्या हाताने बंद केला होता.

पंप साधा 2 इंची, संगमेश्वर तालुक्यात घरोघरी दिसतो तसला. इंजिन 163 सीसीचं, मॉडेल 168एफ. यातला 68 म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. होंडाच्या जीएक्स160 च्या घडणीवर बेतलेली ही इंजिनं इतकी पसरली आहेत की तोच कार्बोरेटर पंपाला, तण काढायच्या वीडरला, छोट्या जनरेटरलाही बसतो. म्हणूनच बाहेरचा माल इतका स्वस्त मिळतो.

सुरुवात त्याआधीची. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये पंप धुऊन पडवीत ठेवला आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढायचं राहून गेलं. जानेवारीत काजूच्या कलमांना पाणी द्यायची वेळ आली (वेंगुर्ला-4 आणि 7 मिळून 140, दुसरं वर्ष), तेव्हा पंप फक्त अर्ध्या चोकवर (हवा अडवणारी झडप अर्धी लावून) चालायचा. चोक पूर्ण उघडला की बंद. वाटी खोलली तर तळाला पांढरा भुगा आणि जेटवर (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल वर जातं) पिवळट चिकट थर. आपल्याकडचं पेट्रोल आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातले चार महिने म्हणजे ओलच ओल. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट ते वेगळं होऊन तळाला बसतं आणि तिथलाच धातू खातं.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडे गेलो. "साफ करून देत नाही, आख्खा बदलावा लागेल." 3,100 रुपये, वर पंधरा दिवस थांबा. पंधरा दिवस कलमं थांबतात होय? मी फक्त जेट साफ करून मागत होतो, पैसे देऊन. ते काम करायची कोणाची तयारीच नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही. येताना बाजारातल्या स्पेअरच्या दुकानातून 780 ला डुप्लिकेट घेतला आणि रात्री बॅटरीच्या उजेडात बसवला. 10 नंबरच्या पान्याने दोन नट, गव्हर्नरची (रेस आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेची) काडी, तिच्यावरची बारीक स्प्रिंग, चोकची काडी. सगळं जिथल्या तिथे बसलं. दुसऱ्या ओढीला इंजिन चालू. त्या रात्री मी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

आठवड्याने रेस वर-खाली व्हायला लागली. वूंऽऽ करून चढायची, पडायची, पुन्हा चढायची. कार्बोरेटरला दोष दिला, पण चूक माझी होती. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यात जो काळा बॅकेलाइटचा ठोकळा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग लागतं. पुडक्यात पॅकिंग दोनच होती. एक ठोकळा आणि कार्बोरेटरच्या मध्ये घातलं, दुसरं एअर क्लीनरच्या बाजूला, आणि इंजिनच्या बाजूचं जुनं, चिरलेलं तसंच ठेवलं. तिथून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं. नवं पॅकिंग घातलं, प्रश्न मिटला. तुमची रेस अशी नाचत असेल तर स्लोचा (कमी रेसचा) स्क्रू फिरवत बसण्याआधी तिन्ही पॅकिंग बघा.

नव्या कार्बोरेटरवर पंप पेट्रोलही जास्त प्यायचा. पूर्वी लिटरमध्ये साधारण 50 मिनिटं पाणी पडायचं, आता जेमतेम 40. प्लग काजळीने काळा. यावर उपाय जुन्या कार्बोरेटरमध्येच सापडला. त्याचं मेन जेट काढलं, सायकलच्या ब्रेक केबलची एक तार सुटी करून त्यातून हळूच ओवली, पेट्रोलमध्ये भिजवलं, फुंकून उजेडासमोर धरलं. भोक गोल दिसलं. नव्याच्या जागी ते घट्ट बसलं, आणि पुन्हा 50 मिनिटं. इथे माझं मत एकदा बदललं. जुना कार्बोरेटर मेलेला नव्हताच, कोणीतरी तासभर बसून साफ करायला हवा होता. 780 रुपये वाया गेले असं मी म्हणत नाही, कारण त्या आठवड्यात कलमं जगली. पण 3,100 मागणाऱ्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

आता कॉक. या कार्बोरेटरचा पेट्रोल कॉक त्याच्या अंगातच असतो, बाजूला छोटी दांडी. आत चार भोकांचं रबर, त्यावर दांडी, दांडीवर लाटेसारखी वाकलेली वॉशर आणि वरून पत्रा, दोन स्क्रूंनी आवळलेला. ती वॉशर दांडीला रबरावर दाबून धरते, तेवढ्यावरच सगळं बंद-चालू अवलंबून. जुन्या कॉकची दांडी फिरवताना बोटाला घट्टपणा जाणवायचा. नव्याची लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. पहिल्या दिवशी मला हे चांगलं लक्षण वाटलं होतं! वॉशर पातळ, दाब कमी, आणि बंद करूनही थेंब थेंब पाझर चालू.

टाकी वर, कार्बोरेटर खाली. कॉक पाझरला तरी एरवी वाटीतला फ्लोट (तरंगता डबा) वर येऊन नीडलने, म्हणजे टोकदार सुईने, पेट्रोलची वाट बंद करतो. माझ्या नीडलच्या टोकावर बारीकशी गोल रेघ उमटली होती, नखाला जाणवण्याइतकी. म्हणजे दोन्ही दरवाजे फटीचे. एकटा कॉक चांगला असता तर नीडल कशीही असो, रात्री काही झालं नसतं. म्हणून मी नीडलला माफ करतो, कॉकला नाही. 600 मिली ऑइलमध्ये किती पेट्रोल मिसळलं होतं देव जाणे. त्या ऑइलवर इंजिन चाललं असतं तर आतले भाग झिजून गेले असते. दोरी अडली म्हणून वाचलो.

त्या दिवशी केलं ते असं: ऑइल पूर्ण काढलं, नवं भरलं, प्लग वाळवला, जुनी नीडल पुसून नव्यात घातली. आणि टाकीकडून येणाऱ्या नळीत मध्येच एक वेगळा कॉक बसवला, स्कूटरच्या स्पेअरवाल्याकडून 60 रुपयांत. मार्चपासून तोच बंद करतो. पंप बंद करायचा तोही बटणाने नाही, हा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवायचा, आपोआप बंद पडू द्यायचा. मेअखेर वाटीखालचा बोल्ट सोडून उरलेले थेंब काढले आणि टाकी रिकामी करून पंप ठेवला. या डिसेंबरमध्ये तिसऱ्या ओढीला चालू झाला. वाटी मुद्दाम खोलून पाहिली, कोरडी आणि स्वच्छ.

म्हणजे आज, 11 महिन्यांनी, कार्बोरेटरचं धड चांगलं, जेट जुनं, नीडल जुनी, कॉक बाहेरचा. त्याला नवा कार्बोरेटर म्हणावं का हा प्रश्न आहे, पण पाणी पडतंय आणि एकूण खर्च ऑइल, पॅकिंग धरून 1,300 च्या आत आहे.

घ्यायचाच असेल तर दुकानातच दोन फुंका मारून बघा, पाना लागत नाही. पेट्रोलची नळी जिथे बसते त्या तोंडाला स्वच्छ नळीचा तुकडा लावायचा. कार्बोरेटर सरळ धरून कॉक चालू केला की फुंक आत जायला हवी आणि बंद केला की ठार अडायला हवी. मग कॉक चालू ठेवून कार्बोरेटर उलटा करायचा. फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडल दाबतो, तेव्हाही फुंक अडायला हवी. पहिली चाचणी कॉकची, दुसरी नीडलची.

गेल्या आठवड्यात शेजारच्या अण्णांच्या पंपासाठी त्याच दुकानात गेलो होतो. भाव आता 820. खिशातून नळी काढल्यावर दुकानदार म्हणाला, "भाऊ, सीलबंद माल आहे, तोंडाला काय लावताय?" मी त्याला मार्चमधली गोष्ट सांगितली. मग त्यानेच पुडकी फोडून दिली. पहिल्याचा कॉक बंद असताना फुंक आरपार. दुसऱ्याचाही तसाच. तिसऱ्याचा कॉक चांगला, पण उलटा केल्यावर नीडल हवा सोडत होती. चौथा दोन्हीत टिकला, तो अण्णांना आणला. आधीचे तीन त्याने फळीवर परत ठेवले नाहीत, गल्ल्याखाली वेगळे ठेवले, आणि माझ्याकडून तो नळीचा तुकडा मागून घेतला.