डिश काढून ऑनलाइन टीव्ही: काही महिन्यांच्या वापरानंतर, कायद्याच्या बाजूसकट

दिवाळीनंतर डीटीएचचा रिचार्ज करायचा थांबवला. आता घरात फायबर, स्मार्ट टीव्ही आणि अ‍ॅप्स. प्रेक्षक तीन: सासूबाई (मालिका), नवरा (क्रिकेट) आणि मी (बातम्या, आणि उरलेल्या वेळात जे लागेल ते). चित्र किती स्वच्छ, आवाज कसा, यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी मुख्यतः 'हे कायदेशीर आहे का' यावर लिहिते, कारण सोसायटीत मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. आणि बहुतेक जण उत्तर खिशावरून ठरवतात. पैसे मोजले की कायदेशीर, फुकट असलं की चोरीचं. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो.

आमच्या मजल्यावरच्या काकांकडे 'सगळे चॅनेल'वाला बॉक्स आहे. चालू केला की देशांची यादी येते, भारत निवडला की भाषा, मराठी निवडलं की झाडून सगळे मराठी चॅनेल, खाली खेळांचे, त्याखाली कालपरवा थिएटरला लागलेले सिनेमे. "अहो वहिनी, फुकट कुठे बघतोय, वर्षाचे पैसे भरलेत की!" हे काका मनापासून म्हणतात. पैसे गेले ते एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. पावती नाही, जीएसटी नाही, तक्रार करायची तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी बॉक्स गोल गोल फिरत बसला आणि ग्रुपवर 'नवीन लिंक टाकतो, थांबा' एवढंच. काकांनी भरलेल्या पैशातला एक रुपयाही वाहिनीपर्यंत पोचत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे: दाखवणाऱ्याकडे दाखवायचा हक्क आहे का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, कलम ३७ प्रसारण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रसारणावर वेगळा हक्क देतं, २५ वर्षांचा. तिच्या परवान्याशिवाय ते प्रसारण पुन्हा प्रसारित करणं म्हणजे त्या हक्काचा भंग. जाणूनबुजून केलं, तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हे सगळं दाखवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर येतं. घरी बसून बघणाऱ्याचं काय? २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे एक प्रकरण होतं. बंद केलेल्या साइटवर तेव्हा 'ही बघणं हाही गुन्हा' अशा अर्थाची सूचना झळकायची. नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकायला-भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. म्हणजे काकांच्या दारात उद्या पोलीस येतील असं नाही. पण हेच काका आता धाकट्या मेव्हण्याला आणि त्याच्या मित्रांना कमिशनवर लाइन द्यायच्या गोष्टी करतायत, तिथे मामला बदलतो.

बॉक्स नेमका सामन्याच्या दिवशी का बसतो, यालाही इतिहास आहे. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात परवाना नसलेले केबलवाले सामने दाखवत होते, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने नाव-गाव माहीत नसलेल्या चोरांविरुद्धही दाखवणं थांबवायचा आदेश दिला. अशा अज्ञात प्रतिवादीला आपल्याकडे पुढे 'अशोक कुमार' हे नाव पडलं. २०१९ पासून तर एकदा आदेश मिळाला की त्याच साइटच्या नव्या पत्त्यांनाही तो लावून घेता येतो. त्यामुळे लिंक बंद पडते, मग नवीन लिंक, नवीन अ‍ॅप, परत नवीन लिंक.

आता फुकट पण चोख गोष्टी. सह्याद्री आणि बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर त्यांच्याच अधिकृत चॅनेलवरून थेट दाखवतात. माझं बातम्यांचं काम तिथेच भागतं. प्रसारभारतीचं वेव्हज अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झालं. तेही ठेवलंय, सासूबाईंना त्यावर जुन्या मालिका मिळतात.

फसगत होते ती क्रिकेटला. नवऱ्याचं म्हणणं, भारताचा सामना दूरदर्शनला द्यावाच लागतो, मग ऑनलाइन का नाही? २००७ च्या कायद्याने सिग्नल द्यावा लागतो तो दूरदर्शनच्या स्थलीय (साध्या अँटेनावर येणाऱ्या) प्रसारणासाठी आणि तिच्या डीटीएचसाठी, म्हणजे फ्री डिशसाठी. ऑनलाइनचं त्यात नावच नाही. खासगी केबलवर जाणाऱ्या दूरदर्शनच्या चॅनेलवरही तो सिग्नल वापरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आयपीएल तर मुळात सक्तीने द्यायच्या सामन्यांच्या यादीतच नाही.

पैसे देऊन बघायचं तर मराठी प्रेक्षकाची वाटणी झालीय. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचा मोबाइल प्लॅन १४९ ला, टीव्हीवर चालणारा २९९ ला आणि जाहिराती नसलेला ४९९ ला होता. आमच्या फायबरच्या प्लॅनमध्ये काही अ‍ॅप्स आलीच, तरी एक वेगळं घ्यावं लागलं. सासूबाईंना तीन अ‍ॅप्समधली ये-जा जमायला बराच वेळ लागला. "एक सहा नंबर दाबला की लागायचं ते बरं होतं गं," हे अजून रोज ऐकते, आणि त्यांचं बरोबर आहे. एका अ‍ॅपने मधूनच सगळ्यांना लॉगआउट केलं आणि ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, तो ऑफिसात. ऐन मालिकेच्या वेळी. थेट सामना केबलपेक्षा बराच मागे चालतो, खालच्या मजल्यावरून 'आउट!' आधी येतं आणि मग आमच्याकडे बॉलर रनअप घेतो. यावर तोडगा नाही, खिडक्या लावून घेतो.

एक प्रकार मुद्दाम सांगते. अंतिम सामना क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टरवर लावू, माणशी ५० रुपये काढू, लॉगिन आमचं, असा बेत निघाला. मी नाही म्हटलं, थोडा रुसवाफुगवाही झाला. घरगुती सदस्यत्व वैयक्तिक वापरापुरतं असतं, आणि पैसे घेऊन लोकांना प्रसारण दाखवणं हा हक्कभंग, असं तर कलम ३७ मध्येच लिहिलंय. वडापावाचे पैसे काढा, सामना आपापल्या घरी बघा, असं ठरलं.

अमेरिकेतली नणंद इथलं लॉगिन मागते. तिथे प्रसारणाचे हक्क वेगळ्या कंपन्यांचे, आणि व्हीपीएन लावून, म्हणजे आपण भारतात असल्याचं भासवून, बघणं अ‍ॅपच्या अटींत बसत नाही. तिला तिकडचंच सदस्यत्व घे म्हटलं.

खर्च डीटीएचपेक्षा फार कमी झाला असं नाही, थोडाच. पुढच्या नूतनीकरणाला वेगळं घेतलेलं अ‍ॅप सोडणार, कारण त्यावरची सासूबाईंची एकमेव मालिका संपत आलीय. त्याऐवजी गच्चीवर फ्री डिशची छत्री बसवणार. एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही, भारताचे सक्तीच्या यादीतले सामने डीडी स्पोर्ट्सवर, आणि 'आउट!' निदान खालच्यांच्या बरोबरीने.