'फट्' कुठून येतंय? उद्यमबागेतला कान की पुण्यातला स्कॅनर

बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटला रांगेत उभं असताना आपल्याच गाडीतून 'फट्' असा बार निघाला, की शेजारचा दुचाकीवाला आधी आपल्याकडे आणि मग बॉनेटवरच्या चिन्हाकडे बघतो. ती लाज परवडली. खरा ताप हा, की आवाज आठवड्यातून एकदा-दोनदाच येतो आणि गॅरेजच्या दारात गाडी एकदम साळसूद होते.

माझी गाडी 1996 सालची जर्मन सेडान, चार सिलिंडर, पेट्रोल. बेळगावात अशा गाडीला दोन वाटा आहेत: उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला कानावर काम करणारा जुना मिस्त्री, नाहीतर पुण्याचं स्कॅनरवालं वर्कशॉप. मी दोन्ही करून बसलोय, तेही उलट्या क्रमाने.

पुणे 340 किलोमीटर. जाऊन-येऊन अशा गाडीला सहज 70 लिटर पेट्रोल लागतं. तिथे कळलं की या वयाच्या गाडीला आजचा ओबीडी-टूचा, म्हणजे स्कॅनर जोडायचा ठरलेला सॉकेटच नाही. खास केबल लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे दोन जुने कोड वाचले, ते पुसले, आणि चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. बार तिथे एकदाही निघाला नव्हता. स्कॅनरचं असंच असतं. मिश्रणात हवा जास्त झाली एवढं तो सांगेल. ती फाटक्या व्हॅक्यूम पाइपातून आली की पंप थकल्यामुळे पेट्रोलच कमी पडलं, हे हाताने शोधावं लागतं.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "साहेब, आवाज वर येतोय की मागं? आणि केव्हा?"

सगळी मेख इथेच आहे. एअर फिल्टरच्या बाजूला, तेही अॅक्सिलरेटर दाबताना फुटत असेल, तर संशय हवा आत ओढणाऱ्या गळतीवर, पेट्रोलच्या दाबावर, नाहीतर नीट न बसणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर. मागे सायलेन्सरमध्ये फुटत असेल, तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतंय. म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, किंवा इंजेक्टर ठिबकतोय. वंटमुरी घाट उतरताना पाय उचलल्यावरच बार निघत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केटही बघा. तिथल्या फटीतून ताजी हवा आत जाते आणि उरलेलं पेट्रोल पेटतं.

माझा बार मागचा होता, आणि पावसाळी सकाळीच जास्त. एवढं ऐकून मिस्त्रींनी मला रात्री आठला बोलावलं. शेडमधला दिवा बंद, इंजिन सुरू, आणि हातात कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा. प्लगच्या वायरींवर बारीक तुषार मारला, तर तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीवरून एक निळी रेघ सुळकन पळाली आणि लोखंडात शिरली. "हे बघा की, इथं गळालंय करंट." वायरीला चीर होती, दिवसा दिसलीच नसती. (हा प्रयोग घरी करायचा तर चालू वायरीला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.) त्या काळातल्या काही जर्मन गाड्यांत इंजिनच्या हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं आवरणही वयानुसार बिस्किटासारखं चुरतं. वायरी बदलताना तेही वाकवून बघून घ्या.

मिस्त्रीही चुकतात. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारं मीटर) लावून 16 इंच दिसल्यावर "इंजिन उतरवावं लागतंय" म्हणणारेही भेटतील. पुस्तकातले 17 ते 21 इंच समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव साधारण 750 मीटरवर, म्हणजे इथे सुई दोन-अडीच इंच खालीच राहणार. सुई स्थिर आहे की ठरावीक तालात झटके देतेय, ते बघा; झटके असतील तर व्हॉल्व्हची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोलही जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, तेव्हा नळ्या जुन्या असतील तर त्या आधी बदला.

तुमची गाडी 2005 नंतरची, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी) असलेली असेल, तर मात्र आधी स्कॅनर. ती गाडी कोणता सिलिंडर किती वेळा चुकला, हे मोजून ठेवते. समजा दोन नंबरचा सिलिंडर चुकतोय, तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावायची. चूकही तिच्याबरोबर तीनवर गेली, तर कॉइल खराब. इथे कानाचा फारसा उपयोग नाही. या कामाला पुण्यापर्यंत जायचीही गरज नाही, कोल्हापूर किंवा हुबळीत भागतं.

इंजेक्टरचं कोटेशन अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. वायरी बदलल्यापासून गेटवर बार निघालेला नाही. वंटमुरीच्या उतारावर महिन्याकाठी एखादा निघतो, म्हणून गॅस्केट मागवलंय.