निकॉन डी7000: तळाशी ‘मेड इन थायलंड’

निकॉन या जपानी कंपनीचा डी7000 कॅमेरा सेकंडहँड घ्यायला गेलो तेव्हा मामा सोबत होते. त्यांनी बॉडी उलटी केली, खालचं ‘मेड इन थायलंड’ वाचलं आणि म्हणाले, "जपानचा असता तर डोळे झाकून घे म्हटलं असतं." मी तरी घेतला. आता तिसरं वर्ष. लग्नं आणि वारी, दोन्ही याच्यावरच करतो.

जपानी कंपनीचा कॅमेरा थायलंडमध्ये का बनतो, हे मामांना तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो. 22 सप्टेंबर 1985 ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. तेव्हा डॉलरला 240 च्या आसपास येन पडत. 1988 ची सरासरी 130 च्या आत आली, म्हणजे येन जवळपास दुप्पट महाग झाला. थायलंडने मात्र आपलं चलन, बाट, डॉलरला 25 च्या जवळपास धरून ठेवला. म्हणजे जपानी कंपनीच्या हिशेबात तिथली जमीन, मजुरी, शेड, सगळं जवळजवळ अर्ध्यावर! तैवानला हा फायदा मिळाला नाही, कारण त्याचंही चलन चढलं: 1985 मध्ये डॉलरला 40, 1989 अखेर 26. जपानी कारखाने थायलंड-मलेशियाकडे वळले त्यामागे हे मोठं कारण होतं. निकॉनची थायलंडमधली कंपनी 1990 ची, अयुथयाची.

कारखाना भावामुळे हलला म्हणून माल हलका होत नाही. दिवेघाटात भुरभुर पावसात पालखी चढत होती, लेन्सवर प्लास्टिक, बॉडी तशीच उघडी; कॅमेरा संध्याकाळपर्यंत चालला. वरचं आणि मागचं कव्हर मॅग्नेशियमचं आहे, हातात धरलं की भरवसा वाटतो. दोन कार्डं बसतात, त्यामुळे अक्षता पडतानाचा फोटो एकाच वेळी दोन ठिकाणी उतरतो. लग्नवाल्याला याहून मोठं सुख नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तेवढंच फ्रेममध्ये येतं. मागचा स्क्रीन वळत नाही, आणि रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सलग दहाएक फोटोंनंतर थोडं थांबावं लागतं.

ऑक्टोबर 2011 मध्ये अयुथयाचा हा कारखाना पुरात बुडाला. त्याच महिन्यात येन डॉलरला 76 च्या आसपास, म्हणजे आणखी महाग. जानेवारी 2012 मध्ये काम पुन्हा तिथेच सुरू झालं.

जुना घेताना दोन्ही कार्डं घालून फोटो काढून बघा आणि शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा.