गुडघ्याच्या लिगामेंट सर्जरीनंतर सांध्यात पू: ग्राफ्ट ठेवायचा की काढायचा?

ग्राफ्ट म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा बंध. एका मित्राला डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले आणि तो गोंधळला. दोन्हींत दुर्बिणीतून सांधा धुणं आणि काही आठवडे अँटिबायोटिक्स आलंच; नुसत्या गोळ्यांवर भागत नाही.

ग्राफ्ट ठेवला तर गुडघा स्थिर राहतो, नवी सर्जरी टळू शकते. पण धुणं दोन-तीनदा करावं लागू शकतं. काढला तर जंतूंचा अड्डा जातो, मात्र गुडघा पुन्हा डगमगतो. काही महिन्यांनी परत ग्राफ्ट, परत फिजिओथेरपी.

उशीर मात्र कशातच परवडत नाही. ग्राफ्ट नवा बसवता येतो, पण पूमुळे खराब झालेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पूर्ववत होत नाही.

निदान लवकर झालंय, ग्राफ्ट घट्ट आहे? ठेवावा. तो सैल, कुजलेला असेल किंवा वारंवार धुऊनही सीआरपी (रक्ततपासणीतला सूज दाखवणारा आकडा) उतरत नसेल, तर काढलेला बरा.