रीसेल फ्लॅट घेताना: इंजिनिअरची तपासणी की विक्रेत्याची लेखी उत्तरं?

टायटल सर्च (मालकी हक्काच्या कागदपत्रांची तपासणी), सोसायटीची थकबाकी, एनओसी हे सगळं तुम्ही बघणारच. प्रश्न उरतो तो रंगाखाली दडवलेल्या दोषांचा. ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) नुसार बिल्डरला दुरुस्तीसाठी धरता येतं. जुन्या इमारतीत तो आधार नाही. तिथे एक तर स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेऊन घर तपासायचं, नाही तर विक्रेत्याकडून लेखी उत्तरं घेऊन ती करारनाम्याला जोडायची. सवड आणि पैसे असतील तर दोन्ही करा, मीही केलं. एकच जमणार असेल, तर पुढचं वाचा.

आमचा इंजिनिअर जाणकार होता. बीममधली भेग, सळई गंजल्यामुळे फुगलेलं बाल्कनीचं प्लास्टर, हे मला जन्मात दिसलं नसतं. पण आम्ही गेलो भर उन्हाळ्यात. भिंतींना ताजा रंग, आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजला पीओपीचं फॉल्स सीलिंग. ते उघडायला मालक तयार होईनात. घर त्यांचं, त्यामुळे आग्रह तरी किती धरणार? मग अहवालात वाक्य आलं, 'ही तपासणी दृश्य व उपलब्ध भागांपुरती मर्यादित आहे.' आणि तेही जवळपास पानोपानी. ज्या जागेच्या शंकेने माणूस बोलावला, नेमकी तीच वगळलेली. त्यात त्याची चूक नाही, कोणीही असंच लिहील. पण मला ते वाक्य फार खुपलं.

लेखी उत्तरांचं तंत्र वेगळं. 'घरात काही दोष आहे का?' असं विचारलं की 'नाही' येतं, विषय संपला. म्हणून मी मोघम विचारलं नाही. गळतीचं शेवटचं काम कधी झालं? त्यावरून वरच्या-खालच्या फ्लॅटशी किंवा सोसायटीशी पत्रव्यवहार आहे का? फॉल्स सीलिंग कधी केलं, कशासाठी? बाकीची उत्तरं भराभर आली, सीलिंगची ओळ तेवढी कोरी. पुन्हा विचारल्यावर वरच्या बाथरूमची गळती, सोसायटीला दिलेली पत्रं, सगळं बाहेर आलं. गळतीचं काम आधी झालं, किंमतही थोडी उतरली, आणि मग मी घर घेतलं.

कायद्याचं म्हणाल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, स्वतःला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. घोडं अडतं ते 'त्याला माहीत होतं' हे सिद्ध करताना. सही केलेली उत्तरं तिथे उपयोगी पडतात, अहवालाचा त्या कामी फारसा उपयोग नाही, निदान मला तरी असं वाटतं. मात्र करारात उलट अट घातली तर हे बंधन सैल पडू शकतं. एजंटच्या मसुद्यात 'आहे त्या स्थितीत, पाहून समाधान झाल्यावर' असं असेल तर सहीपूर्वी वकिलाला दाखवा.

विक्रेता वारस किंवा मुखत्यार (मालकाच्या वतीने सही करणारा) असेल आणि त्या घरात कधी राहिलाच नसेल, तर मात्र त्याच्या उत्तरांत दम नसतो. तिथे इंजिनिअरच हवा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल मागून घ्या आणि घर दाखवण्याआधी इंजिनिअरच्या हातात द्या.